चाळिसाची नव्वद मिनिटे

२ जून १९४४, शुक्रवार. दुसरे महायुद्ध सुरू होते. युरोपात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरायला अवघे चार दिवस उरले होते. इकडे आपल्या जुहूच्या किनाऱ्यावर मात्र एक वेगळीच घटना घडत होती. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरचा एक आजारी माणूस सिनेमा पाहत होता. तो माणूस म्हणजे महात्मा गांधी आणि तो सिनेमा म्हणजे अंधेरीच्या प्रकाश पिक्चर्सचा ‘रामराज्य’.

प्रकाश पिक्चर्स ही दोन भावांची कंपनी, विजय भट्ट आणि शंकरभाई भट्ट यांची. साठहून अधिक चित्रपट त्यांनी काढले. पण कंपनीच्या साऱ्या इतिहासातला एकच दिवस निवडायचा झाला, तर मी हाच निवडीन. त्या दिवशी त्यांच्यासमोर बसलेला प्रेक्षक असा होता, की त्याला चित्रपटगृहाच्या दारापर्यंत आणणे कुणालाही जमले नव्हते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ‘गांधीजींनी आयुष्यात पाहिलेला एकमेव चित्रपट’ असे ‘रामराज्य’बद्दल नेहमी लिहिले जाते. ते तितकेसे खरे नाही. जुहूच्या त्याच मुक्कामात काही दिवस आधी त्यांनी ‘मिशन टू मॉस्को’ हा हॉलिवूडचा चित्रपट पाहिला होता. एका अमेरिकन राजदूताच्या रशियातल्या अनुभवांवर तो बेतलेला होता. तो काही त्यांना रुचला नाही. तेव्हा ‘रामराज्य’ हा त्यांनी पाहिलेला एकमेव भारतीय चित्रपट, असे म्हणणे अधिक बरोबर. आणि मला वाटते, त्यामुळे या घटनेचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. पहिला अनुभव मनाविरुद्ध गेलेला असताना हा माणूस दुसऱ्यांदा पडद्यासमोर बसला.

गांधीजींचे सिनेमाविषयीचे मत तेव्हा जगजाहीर होते. १९२७ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतीय चित्रपटांची चौकशी करण्यासाठी रंगाचारी समिती नेमली. समितीने देशभरातल्या मान्यवरांकडे प्रश्नावल्या पाठवल्या. गांधीजींनी उत्तर धाडले, की मी कधी सिनेमाला गेलोच नाही, त्यामुळे तुमच्या प्रश्नांना उत्तर द्यायला मी लायक नाही; पण बाहेरून पाहणाऱ्यालाही त्यातून होणारे नुकसान दिसल्यावाचून राहत नाही. १९३१ मध्ये लंडनला चार्ली चॅप्लिन त्यांना भेटायला आला. साऱ्या जगाला हसवणारा हा माणूस कोण, हे गांधीजींना आधी दुसऱ्यांकडून समजून घ्यावे लागले होते. १९३८ मध्ये भारतीय चित्रपटसृष्टीने रौप्यमहोत्सवानिमित्त त्यांच्याकडे संदेश मागितला, तर त्यांच्या सचिवांनी नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत नकार कळवला. पुढच्याच वर्षी ख्वाजा अहमद अब्बास यांनी बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’त गांधीजींना एक जाहीर पत्र लिहिले. मुलाने बापाकडे तक्रार करावी, तसे ते पत्र होते. आमच्या या नव्या खेळण्याकडे इतक्या कडक नजरेने पाहू नका, असा त्यातला सूर. असे सगळे प्रयत्न थकले होते. मग अंधेरीच्या दोघा भावांना हे कसे साधले?

त्यासाठी या भावांकडे आणि त्यांच्या अंधेरीकडे वळले पाहिजे.

विजय भट्ट यांचा जन्म १९०७ चा, सौराष्ट्रातल्या पालिताण्याचा. (आजच्या वाचकांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो : महेश भट्ट यांचे वडील नानाभाई भट्ट वेगळे आणि हे विजय भट्ट वेगळे. छायालेखक प्रवीण भट्ट हे विजय भट्ट यांचे चिरंजीव आणि दिग्दर्शक विक्रम भट्ट हे नातू.) मूकपटांच्या अखेरच्या काळात ते पटकथा लिहू लागले आणि बोलपट आल्यावर थोरल्या शंकरभाईंबरोबर त्यांनी स्वतःची कंपनी काढली. व्यवहार शंकरभाईंनी पाहायचा आणि चित्र विजयभाईंनी रंगवायचे, अशी साधारण वाटणी होती. स्टुडिओ उभा राहिला अंधेरी पूर्वेला.

अंधेरीच का? त्या वेळी अंधेरी मुंबईत नव्हतीच. ती बृहन्मुंबईत आली १९५० मध्ये. पण १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या धावत होत्या, त्यामुळे नट आणि तंत्रज्ञांना येणे-जाणे सोपे झाले होते. जमीन स्वस्त होती. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शांतता होती. बोलपटाला शांतता लागते. १९३१ मध्ये ‘आलमआरा’ करताना स्टुडिओशेजारून जाणाऱ्या आगगाड्यांमुळे अर्देशर इराणींना रात्री उशिरा, गाड्या थांबल्यावर चित्रण करावे लागले होते. हा धडा सर्वांनी घेतला. १९३४ मध्ये हिमांशू राय आणि देविकाराणी मालाडला गेले आणि त्यांनी बॉम्बे टॉकीज उभारली. १९४३ मध्ये गोरेगावात फिल्मिस्तान आली. आज ज्या उपनगरात दोन वाक्ये बोलताना मध्ये चार हॉर्न वाजतात, ते उपनगर चित्रपटवाल्यांनी एकेकाळी शांततेसाठी निवडले होते, हे सांगून पटत नाही.

घरच्या कंपनीचे एक वेगळे गणित असते. तोटा झाला तर तो घरात येतो. म्हणून प्रकाशने सुरुवातीची वर्षे चालेल तो माल काढला. मारामाऱ्या, जादू, मुखवट्याआडचे नायक. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त अदृश्य माणसाची कथा होती. वस्तू हवेत आपोआप हलताना दाखवायच्या होत्या. बाबूभाई मिस्त्री नावाच्या तरुणाने काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने त्या हलवल्या. दोरा कॅमेऱ्याला दिसला नाही आणि लोक थक्क झाले. तेव्हापासून बाबूभाईंचे नाव पडले ‘काला धागा’. १९३९ च्या ‘लेदरफेस’मध्ये विजयभाईंनी महजबीन नावाची एक लहानगी मुलगी घेतली आणि पडद्यासाठी तिला नाव दिले बेबी मीना. ही मुलगी पुढे मीनाकुमारी झाली.

मग दिशा बदलली. विजय भट्ट सांगत, की वलसाडला त्यांची गांधीजींशी गाठ पडली होती. काय करता, असे गांधीजींनी विचारले. चित्रपट काढतो, असे कळल्यावर त्यांनी सुचवले, की मग नरसी मेहतांवर का काढत नाही? १९४० मध्ये ‘नरसी भगत’ आला. नरसी झाले होते आपले विष्णुपंत पागनीस. चार वर्षांपूर्वी तुकाराम झालेले हेच पागनीस आता गुजरातच्या संताच्या वेशात उभे राहिले. त्यात ‘वैष्णव जन’ गायले ते अमीरबाई कर्नाटकी यांनी. विजापूरकडची एक मुसलमान गायिका, काठेवाडच्या संताचे भजन आणि तुकारामाचा नट. हे सगळे जुळवून आणण्यासाठी अंधेरीत कुणाला परिषद भरवावी लागली नाही. ज्याचा आवाज चांगला त्याने गावे, एवढा साधा हिशेब होता.

त्यानंतर १९४२ मध्ये ‘भरत मिलाप’ आला. त्याची मराठी आवृत्ती ‘भरत भेट’. दुर्गा खोटे कैकेयी आणि शाहू मोडक भरत. मोडक अहमदनगरचे, ख्रिस्ती घरातले. त्यांच्याइतका रामायण-महाभारतात रमलेला नट मराठी पडद्यावर विरळाच. आणि १९४३ मध्ये ‘रामराज्य’, तोही हिंदी आणि मराठीत. वर्ष कठीण होते. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. युद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई होती आणि तिच्या वाटपावर सरकारचे नियंत्रण आले होते. त्याच वर्षी मालाडहून ‘किस्मत’ आला आणि शांतारामबापूंच्या राजकमलचा ‘शकुंतला’ही. या गर्दीत ‘रामराज्य’ने आपली जागा केली. प्रेम अदीब यांचा राम आणि शोभना समर्थ यांची सीता लोकांना इतकी भावली, की त्यांची चित्रे घराघरांतल्या कॅलेंडरांवर गेली.

‘रामराज्य’ची कथा रावणवधाची नाही, त्यानंतरची आहे. अयोध्येला परतलेला राम, लोकांची कुजबुज, एका परटाचे बोलणे, गरोदर सीतेचा त्याग, वाल्मीकींचा आश्रम, लव आणि कुश. विजय भट्टांनी युद्ध टाकून घर घेतले. कुटुंबाने एकत्र बसून पाहायचे, तर कुटुंबाचेच दुखणे दाखवायला हवे, हे त्यांनी ओळखले होते.

आता त्या दिवसाकडे येतो.

६ मे १९४४ रोजी गांधीजींची पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून सुटका झाली. मलेरियाने ते खंगले होते. या कैदेने त्यांची दोन माणसे नेली होती. १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा. विश्रांतीसाठी ते जुहूला शांतिकुमार मोरारजी यांच्याकडे उतरले. त्या वेळचे जुहू म्हणजे माडांची रांग, तुरळक बंगले, एक छोटा विमानतळ आणि मोकळी वाळू. संध्याकाळी प्रार्थनेला माणसे जमत.

‘रामराज्य’चे कलादिग्दर्शक कनु देसाई हे गांधीजींच्या परिचयाचे होते. नंदलाल बोस यांचे हे शिष्य. दांडीयात्रेवरची त्यांची चित्रे प्रसिद्ध होती. गांधीजींपर्यंत पोहोचण्याची वाट त्यांच्यामुळे सोपी झाली. परदेशी चित्रपट पाहिला, तर एक आपल्याकडचाही पाहायला हवा, या विचाराने गांधीजी राजी झाले, अशी हकीकत भट्ट मंडळींकडून सांगितली जात असे. अट एकच : चाळीस मिनिटे. प्रकृती आणि घड्याळ, दोन्हींचा तो हुकूम होता.

३५ मिलिमीटरची हजार फुटांची एक रीळ साधारण अकरा मिनिटे चालते. म्हणजे चाळीस मिनिटांत जेमतेम चार रिळे. दोन तासांच्या कथेतला कोणता भाग दाखवायचा आणि कोणता टाकायचा, हा दिग्दर्शकाच्या जिवाला घोर लावणारा प्रश्न. पण ती वेळ आली नाही. चाळीस मिनिटे झाली आणि गांधीजी उठले नाहीत. ते नव्वद मिनिटे बसले. चारऐवजी आठ रिळे.

माझ्या मते त्या दिवसाचा सगळा इतिहास या अधिकच्या पन्नास मिनिटांत आहे. गांधीजी घड्याळाचे किती काटेकोर होते, हे वेगळे सांगायला नको. कमरेला लटकणारे त्यांचे घड्याळ हा त्यांच्या पोशाखाचाच भाग होता. मिनिटाचाही हिशेब ठेवणाऱ्या माणसाने पन्नास मिनिटे देणे, ही त्याची दाद होती. सिनेमाच्या धंद्याबद्दलचे त्यांचे मत त्यामुळे बदलले, असे म्हणता येणार नाही. तसा दावा करायची गरजही नाही. कस्तुरबांना जाऊन तेव्हा साडेतीन महिनेही झाले नव्हते. समोर पडद्यावर आपल्या कर्तव्यापायी पत्नीला दुःख देणारा एक राजा होता आणि मुकाट्याने ते सोसणारी एक स्त्री होती. यापुढे तर्क करणे मला योग्य वाटत नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवाव्यात आणि थांबावे, एवढेच कवीच्या हाती असते.

‘रामराज्य’ या शब्दाबद्दल मात्र बोलायला हवे, कारण तो शब्द गांधीजींच्या तोंडी चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून होता. १९२९ मध्येच त्यांनी ‘यंग इंडिया’त खुलासा केला होता, की रामराज्य म्हणजे हिंदूंचे राज्य असे मला म्हणायचे नाही, मला ईश्वराचे राज्य अभिप्रेत आहे, आणि माझ्या लेखी राम आणि रहीम एकच. सर्वांत दुबळ्या माणसालाही जिथे वेळखाऊ, खर्चिक मार्गाने न जाता न्याय मिळेल, ते रामराज्य. शब्द तोच असतो, पण तो कोण उच्चारतो आणि कुणाला जवळ घेऊन उच्चारतो, यावर त्याचा अर्थ ठरतो. माझे नाव पाहून काहींना वाटेल, की याला या विषयाचे काय? मला आहे. मी मराठीत लिहितो. ज्या भाषेत ‘अतिप्रसंग’ झाला की आपण ‘राम राम’ म्हणतो, भेटलो की ‘रामराम’ म्हणतो आणि अर्थ उरला नाही की ‘राम नाही’ म्हणतो, ती भाषा माझी आहे.

१९८७ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा मी शाळकरी होतो. दर रविवारी सकाळी आमच्या मजल्यावरची सगळी बिऱ्हाडे आमच्या खोलीत जमत, कारण टीव्ही आमच्याकडे होता. माझी दादी नमाज आटोपून भिंतीला टेकून बसे. पुढे सीतेच्या त्यागाचा भाग आला. सगळे गप्प झाले होते. दादी हळूच म्हणाली, ‘‘तिला विचारलं का कुणी?’’ शेजारच्या जोशीकाकूंनी डोळे पुसत मान हलवली. दादी निरक्षर होती, पण उत्तररामायणाचा सगळा पेच तिने तीन-चार शब्दांत मांडला. त्या खोलीत आम्ही एकत्र बसलो होतो, म्हणून तो प्रश्न उमटू शकला. एकेकट्याने मोबाइलवर पाहणाऱ्याला असा प्रश्न ऐकू येत नाही.

आज ‘कौटुंबिक मनोरंजन’ म्हटले, की आपल्याला मॉलमधली खेळांची दालने आठवतात, १९८९ मध्ये गोराईला सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड आठवते. त्यातही आनंद आहेच. पण प्रकाश पिक्चर्ससारख्या कंपनीने त्या शब्दाचा घेतलेला अर्थ थोडा खोल होता. आजी, सून आणि नातू एका रांगेत बसले आहेत, कुणालाही मान खाली घालावी लागत नाही, आणि घरी परतताना तिघांकडे भांडायला एखादा मुद्दा आहे, असे ते मनोरंजन.

या कंपनीची पुढची वाटचालही त्याच वळणाची. ‘रामराज्य’चे संगीतकार शंकरराव व्यास मूळचे कोल्हापूरचे आणि विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. गांधीजींच्या प्रार्थनेतली रामधून ज्या चालीत घरोघरी पोहोचली, ती चाल पलुस्करांची मानली जाते. आणि १९५२ मध्ये प्रकाशने ‘बैजू बावरा’ काढला, तेव्हा उस्ताद अमीर खाँ यांच्यासमोर बैजूचा आवाज म्हणून गायले ते पलुस्करांचेच चिरंजीव, द. वि. पलुस्कर. नौशाद सांगत, की इतके शास्त्रीय संगीत ऐकून लोकांचे डोके दुखेल, अशी शंकरभाईंना धास्ती होती. घरचा पैसा असला की अशी धास्ती वाटणारच. लोकांचे डोके दुखले नाही. त्यांनी मालकंसातले ते भजन डोक्यावर घेतले. लिहिणारे शकील बदायुनी, चाल देणारे नौशाद, गाणारे महंमद रफी. तिघेही मुसलमान, आणि आळवणी हरीच्या दर्शनाची. आजही पहाटे एखाद्या देवळाच्या कर्ण्यावर ते लागते, तेव्हा ऐकणाऱ्याला या तीन नावांची आठवणही होत नाही. मला त्याचे दुःख नाही. गाणे इतके सगळ्यांचे व्हावे, की ते कुणी केले याचा विसर पडावा, यापेक्षा कवीने काय मागावे? ‘लेदरफेस’मधली ती बेबी मीना या चित्रपटाची नायिका होती. १९५४ मध्ये फिल्मफेअर पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले. त्यातले अभिनेत्रीचे आणि संगीतकाराचे असे दोन्ही मान ‘बैजू बावरा’ला मिळाले.

१९५९ मध्ये ‘गूंज उठी शहनाई’ आला, बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईसह. १९६५ मध्ये ‘हिमालय की गोद में’. १९६७ मध्ये विजय भट्टांनी ‘रामराज्य’ पुन्हा, रंगीत करून पाहिला, पण पहिल्याची सर त्याला आली नाही. काळ बदलला होता. स्टुडिओच्या जमिनीचा भाव तिथे होणाऱ्या चित्रपटांपेक्षा मोठा होत गेला. उपनगरातले बहुतेक जुने स्टुडिओ असेच विरले. कुठे कारखाने आले, कुठे टॉवर. विजय भट्ट १९९३ मध्ये गेले.

आपल्या उपनगरांना इतिहास नाही, इतिहास म्हणजे फोर्ट आणि गिरगाव, असे आपण सहज म्हणून जातो. पण अंधेरीत दोन भावांनी घरचा पैसा घालून एक चित्रपट काढला आणि तिथून जवळच, जुहूच्या एका बंगल्यात, देशातला सर्वांत अवघड प्रेक्षक चाळीस मिनिटांसाठी बसला आणि नव्वद मिनिटे उठला नाही, हाही इतिहासच आहे. त्याचा फलक कुठे असो वा नसो. ज्यांना घराघरांसाठी काही करायचे आहे, मग तो चित्रपट असो, मालिका असो की कविता, त्यांनी त्या वरच्या पन्नास मिनिटांचा विचार जरूर करावा. ती पन्नास मिनिटे मागून मिळालेली नव्हती.